खंबाटकीचा घाट आणि तेलावरचा पंखा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यांना खंबाटकीचा घाट नवा नाही. मे महिन्याची सुट्टी लागली, लग्नसराई सुरू झाली, की वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते : खंबाटकीत वाहने तापून बंद पडली, वाहतुकीची कोंडी झाली. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी, वाफेचे लोट आणि बाटलीभर पाण्यासाठी इकडे तिकडे पाहणारी माणसे हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. पूर्वीचे लोक खामजाईच्या देवळापाशी गाडी उभी करत. देवीला हात जोडत आणि इंजिनाला पाणी पाजत.

या घाटाच्या निमित्ताने आज मी एका दुर्लक्षित भागाची हकिगत सांगणार आहे. तो म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंखा. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, रंग विचारतो, पंख्याची चौकशी कोणी करत नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांत हा पंखा इंजिनापासून हळूहळू सुटा होत गेला. आधी तो पट्ट्याने बांधलेला होता, मग तेलाच्या दाबावर फिरू लागला, आता विजेवर फिरतो आहे. प्रत्येक टप्प्याला प्रवाशाचे काही भले झाले आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या हातून काही निसटले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

प्रथम उष्णतेचा हिशोब पाहू. इंजिनात जळणाऱ्या डिझेलची सगळी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ मानाने एक तृतीयांश शक्ती कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली जवळपास एक तृतीयांश इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला काढून न्यावी लागते. ती काढली नाही, तर वंगण पातळ होते, दट्ट्या जाम होतो आणि इंजिन कायमचे निकामी होते. म्हणजे थंडावा हा चैनीचा भाग नाही. इंजिन जेवढी ताकद लावते, जवळजवळ तेवढीच उष्णता फेकण्याची सोय त्याच्याजवळ असावी लागते.

आपल्या भागात इंजिन आले ते विहिरीवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. नांगरापासून सुरुवात केलेल्या या कारखान्यांनी कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या हाती यंत्र दिले, आणि पंप व ऑइल इंजिन हे शब्द गावोगाव रुळले. विहिरीवरच्या इंजिनाला थंड ठेवणे सोपे होते. शेजारी हौद बांधायचा, किंवा उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनातून फिरवून पाटात सोडायची. इंजिन जागचे हलत नव्हते आणि पाणी शेजारीच होते. पंख्याची गरजच नव्हती.

वाहनाचे तसे नाही. त्याला आपले पाणी बरोबर घेऊन फिरावे लागते आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरावे लागते. कार्ल बेंझच्या १८८५ सालच्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे, आणि चालकाने वरून भर घालायची असे. पुढे विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. बारीक छिद्रांच्या जाळीतून वारा जायचा आणि जाळीच्या भिंतीतून पाणी. थोड्या पाण्यात मोठे काम होऊ लागले. पण वारा हवाच. गाडी वेगात असेल तर तो फुकट मिळतो. गाडी हळू झाली की तो स्वतः तयार करावा लागतो. म्हणून रेडिएटरच्या मागे पंखा आला, आणि त्याला फिरवण्यासाठी इंजिनापासून एक पट्टा घेतला गेला. तोच आपला ‘फॅन बेल्ट’.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्यानंतर सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, पाटण, वाई अशी गावे लाल गाडीने जोडली गेली. पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, कुंभार्ली घाटातून चिपळूण, खंबाटकी ओलांडून पुणे. या सगळ्या रस्त्यांवर एसटी असो वा मालट्रक, इंजिन पुढे, त्याच्या नाकासमोर रेडिएटर आणि मध्ये पट्ट्यावरचा पंखा, हीच रचना होती.

त्या काळच्या घाटाचे एक वेगळे शास्त्र होते आणि ते पुस्तकात नव्हते. माझ्या लहानपणी ट्रकच्या केबिनमध्ये बसून मी घाट चढलो आहे. काट्याकडे फारसे कोणी पाहत नसे, बहुतेक गाड्यांचा काटा बंदच असे. चालक कान आणि नाक वापरी. इंजिनाचा आवाज जड झाला की तो खालचा गिअर टाके. अडाणी माणसाला वाटे, खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त ओरडते म्हणजे जास्त तापणार. खरे उलटे होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात, त्याबरोबर पंख्याचे आणि पाण्याच्या पंपाचेही फेरे वाढतात, आणि उष्णता बाहेर निघते. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, तर इंजिनावर ओझे पूर्ण आणि पंखा मात्र रेंगाळलेला. शाळा न शिकलेल्या चालकांना हे पक्के ठाऊक होते.

क्लीनरचे कामही ठरलेले असे. पाण्याचा डबा भरून ठेवणे, चाकामागे दगड लावणे, पट्टा तुटला तर पानापक्कड घेऊन दुसरा चढवणे. कडाक्याच्या थंडीत रेडिएटरपुढे पोत्याचा तुकडा किंवा पुठ्ठा बांधत, कारण इंजिन फार गार राहिले तरी डिझेल जास्त खाते. या धंद्यात हातावर, गळ्यावर भाजल्याचे व्रण असलेली माणसे सर्रास दिसत. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या झाकणासारखे असते. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. ते उकळू नये म्हणून झाकण दाब धरून ठेवते, आणि बंद रेडिएटरमधले पाणी शंभराच्या वर गेले तरी पाणीच राहते. घाईने झाकण उघडले की दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. हा अपघात आजही होतो.

आता पट्ट्याच्या पंख्यातला दोष पाहू. तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो, उष्णतेशी नाही. पहाटे कऱ्हाडजवळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असते, समोरून भरपूर वारा येत असतो, तरी पंखा जोरात फिरतच राहतो. घाटाच्या कोंडीत गाडी उभी असते, वाऱ्याची सर्वात जास्त गरज असते, तेव्हा इंजिन मंद आणि म्हणून पंखाही मंद. हवे तेव्हा नाही आणि नको तेव्हा आहे, असा हा कारभार.

आणि तो फुकट नाही. मोठ्या डिझेल गाडीचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना इंजिनाच्या ताकदीचा पाच ते दहा टक्के वाटा खाऊ शकतो. पंख्याचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे : वेग दुप्पट केला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. उलट वेग निम्मा केला, तर शक्ती एक-अष्टमांशच लागते. म्हणजे पंखा गरजेपुरताच फिरवता आला, तर डिझेलची मोठी बचत. त्यासाठी पहिला उपाय निघाला तो चिकट द्रवाच्या क्लचचा. पंख्याच्या मध्यभागी घट्ट सिलिकॉन तेल असते. गरम हवा लागली की ते पंख्याला पकडते, गार झाले की सोडते. आजही असंख्य ट्रकमध्ये हाच पंखा आहे. पण तोही इंजिनाच्या तोंडापाशीच बसवावा लागतो.

खरी अडचण आली ती इंजिनाने जागा बदलल्यावर. प्रवाशांना आवाज नको, धूर नको, दारातली पायरी खाली हवी, म्हणून बसचे इंजिन मागे गेले. आपल्याकडे हे सर्वांच्या नजरेत भरले ते व्होल्वोच्या गाड्यांमुळे. व्होल्वोची मागच्या इंजिनाची बी-७-आर बस भारतात २००१ साली आली. पुढच्याच वर्षी एसटीने दादर-पुणे मार्गावर ‘शिवनेरी’ सुरू केली. लवकरच सांगली-कोल्हापूरकडून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या खासगी गाड्यांनाही लोक नुसते ‘व्होल्वो’ म्हणू लागले. या गाड्यांत इंजिन मागच्या टोकाला उभे-लांब बसवलेले असते, आणि समोरचा वारा तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून रेडिएटर बाजूला, मागच्या चाकाच्या पाठीमागे, कुशीला बसवावा लागतो. आता इंजिनाचा दंडा एका दिशेला आणि पंखा काटकोनात दुसऱ्या दिशेला. पट्टा वळवायचा कसा? आणि मधले अंतर कसे भागवायचे?

इथे तेल कामाला आले. व्होल्वोच्या या पिढीच्या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर नव्हे, तेलाच्या दाबावर फिरतो. इंजिन एक छोटा पंप फिरवते. तो पंप तेलाला दाबून जाड रबरी नळीतून, म्हणजे होजमधून, पंख्याकडे पाठवतो. पंख्याच्या पाठीमागे एक लहान हायड्रॉलिक मोटर असते. तेल तिच्यातून जाताना तिला फिरवते आणि गार होऊन पुन्हा टाकीत परतते. मध्ये एक झडप असते. पाणी थंड असेल तर ती तेलाला आडवाटेने परत पाठवते, पंखा हळू फिरतो. पाणी तापले की झडप आडवाट बंद करते आणि सगळे तेल मोटरकडे जाते. नळी कुठेही वळवता येते, त्यामुळे रेडिएटर हवा तिथे बसवा.

हे तत्त्व नवे नाही. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कलने सांगितले. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली त्यावरून दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्याला समजायला कोयनेचे उदाहरण जवळचे आहे. पाणी साठते सातारा जिल्ह्यात, शिवसागर जलाशयात. ते डोंगराच्या पोटातून जाऊन कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीच्या वीजघरातली चक्रे फिरवते. १९६२ सालापासून हे चालू आहे. शक्ती एका ठिकाणची, फिरणे दुसऱ्या ठिकाणी, आणि मध्ये फक्त बोगदा व नळ. बसमधला पंखा म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती. फरक दोन : तेल वाहून जात नाही, पुन्हा पुन्हा तेच फिरते, आणि दाब उंचीमुळे नव्हे, पंपामुळे येतो. हा दाब दीडशे ते दोनशे बारपर्यंत असू शकतो. ट्रकच्या टायरमध्ये आठएक बार हवा असते, त्यावरून कल्पना करावी.

बसच्या आधी ही युक्ती रेल्वेने वापरली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत जी डिझेल-हायड्रॉलिक रेल्वे इंजिने झाली, त्यांत रेडिएटरचे पंखे तेलावर फिरवण्याची पद्धत रुळली. आपल्या रेल्वेने दुसरा मार्ग घेतला. वाफेचे युग संपल्यावर पुणे-मिरज मार्गावर वर्षानुवर्षे ज्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनांनी गाड्या ओढल्या, त्यांचा मोठा पंखा विद्युतचुंबकी क्लचने कमी-जास्त करत. प्रश्न एकच, उत्तरे दोन. मोटारींमध्येही प्रयोग झाले. टोयोटाच्या १९९०च्या दशकातील काही सहा सिलिंडरच्या कॅमरी गाड्यांत आणि २००० नंतरच्या काही जीप ग्रँड चेरोकींत तेलावरचा पंखा होता. मोटारींत मात्र तो टिकला नाही, विजेचा पंखा स्वस्त आणि सुटसुटीत ठरला.

तेलावरच्या पंख्याने घर केले ते अवजड यंत्रांत, आणि त्यातले एक आज आपल्या शिवारात आले आहे. वाळवा, पलूस, कऱ्हाड, कोरेगाव या पट्ट्यात गळीत हंगामात ऊस तोडणारी हार्वेस्टर यंत्रे दिसतात. हे यंत्र चालते माणसाच्या चालीने. म्हणजे समोरून वारा नाही. इंजिन मात्र पूर्ण ताकदीवर, कारण तोडणे, कांडे करणे, पाला उडवणे, सगळे एकदम चालते. खंबाटकीचा घाट दिवसभर चढत राहावा, तशी त्याची अवस्था असते. भरीला सगळीकडे उडणारे पाचट. ते रेडिएटरच्या जाळीवर चिकटते आणि हवेची वाट बंद करते. या यंत्रातली बहुतेक कामे तेलाच्या दाबावरच होतात, त्यामुळे पंखाही त्याच तेलावर फिरवणे सोयीचे. आणि त्यात एक मोठा फायदा आहे. तेलाची दिशा बदलली की पंखा उलटा फिरतो आणि जाळीवरचे पाचट बाहेर फुंकून टाकतो. अनेक मोठ्या यंत्रांत अशी सोय असते. पट्ट्याच्या पंख्याला हे कधीच जमले नसते.

मग तेलाच्या पंख्यात काही वाईट नाही का? आहे. पट्टा आपली जवळजवळ सगळी शक्ती पोहोचवतो. पंप, नळ्या आणि मोटर या वाटेत मात्र तिचा बराच भाग उष्णता होऊन वाया जातो. पंखा क्वचितच पूर्ण वेगाने फिरतो म्हणून एकूण हिशोब जमतो, एवढेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तापलेल्या इंजिनाजवळून उच्च दाबाचे तेल नेणारी नळी जाते. ती घासून फाटली आणि तेलाचा फवारा टर्बोचार्जरसारख्या लाल तापलेल्या भागावर पडला, तर आग लागते. मागचे इंजिन असलेल्या बसमध्ये चालकाला ते उशिरा कळते, आणि तोवर मागे प्रवासी झोपलेले असतात. गळती आणि आगीची ही भीती, शिवाय इंधनाची बचत, या कारणांनी अमेरिकेतल्या अनेक शहरी बससेवांनी गेल्या दीड दशकात तेलाचे पंखे काढून त्यांच्या जागी विजेच्या लहान पंख्यांच्या रांगा बसवल्या.

मिस्त्रींसाठी आणखी एक इशारा. तेलाच्या नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर ते दिसत नाही. ते शोधायला उघडा हात फिरवू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, पण तेल आत पसरलेले असते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा आणि आधी यंत्र बंद करून दाब उतरू द्यावा. उसाच्या फडात, घाईच्या हंगामात, हे सांगणारे कोणी नसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

मला या इतिहासात खरा प्रश्न दिसतो तो इथे. पट्ट्याच्या काळात घाटात अडकलेली गाडी क्लीनर अर्ध्या तासात चालू करी. त्याचे ज्ञान हातातले होते आणि ते चालकाकडून क्लीनरकडे, क्लीनरकडून पुढच्या पोराकडे जाई. तेलाच्या पंख्याची नळी फुटली, झडपेचा सेन्सर बिघडला, तर रस्त्यावर काही करता येत नाही. गाडी ओढून न्यावी लागते. मी जुन्याचे गोडवे गात नाही. त्या काळी भाजलेले हात मी पाहिले आहेत, आणि वातानुकूलित गाडीत बसून घाट चढणे मलाही आवडते. पण यंत्र बदलले की ते सांभाळणाऱ्याचे शिक्षणही बदलावे लागते, आणि ते आपोआप होत नाही. शतकभरापूर्वी किर्लोस्करवाडीत आणि साताऱ्यात खेड्यातली पोरे साच्यावर, लेथवर शिकून कारागीर झाली. सातारा, मिरज, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास आजही हुशार हातांची कमतरता नाही. त्यांना हायड्रॉलिकचे रीतसर शिक्षण तालुक्याच्या आयटीआयमध्ये मिळाले, तर हंगामात बंद पडलेल्या यंत्रासाठी दूरच्या शहरातल्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही.

पंख्याचा प्रवास अजून थांबलेला नाही. १ जून २०२२ रोजी, पहिल्या एसटीच्या वर्धापनदिनी, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची ‘ई-शिवाई’ धावली. तिच्यात डिझेल इंजिन नाही, पण बॅटरी आणि मोटर तापतात, त्यांनाही थंड ठेवावे लागते. खंबाटकीच्या रस्त्यावर चौपदरीकरणात बोगदा झाला, साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांची चढण वाचली; पुण्याहून जाणारे त्यानंतरही कितीतरी वर्षे घाटच चढत राहिले. पुढे नव्या जुळ्या बोगद्यांचे कामही हाती घेतले गेले.

तोवर, आणि त्यानंतरही, घाटात गाडी तापली तर एवढे करावे. एसी बंद करावा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी, झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. आणि पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला दिली, की मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारावा : माझ्या गाडीचा पंखा कशावर फिरतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)